कोनी आयलंडच्या चढउतारांचे गणित

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराचा नकाशा समोर घ्या. त्यात ब्रुकलिन हा भाग शोधा आणि बोट सरळ दक्षिणेकडे समुद्रापर्यंत न्या. अटलांटिक महासागराला लागून जमिनीची एक अरुंद पट्टी दिसेल. हेच कोनी आयलंड. ‘आयलंड’ म्हणजे बेट, आणि एके काळी ते खरोखरच बेट होते. पुढे मधल्या खाडीचा बराच भाग बुजवला गेला आणि बेट मुख्य जमिनीला जोडले गेले. नाव मात्र तसेच राहिले. शहराच्या भुयारी रेल्वेचे शेवटचे स्थानक इथे आहे. ही रेल्वे इथवर येते तेव्हा ती भुयारातून नव्हे, तर उंच पुलावरून धावत असते, त्यामुळे स्थानकात शिरण्याआधीच डाव्या-उजव्या बाजूला लोखंडी सांगाडे, एक प्रचंड चाक आणि त्यांच्यापलीकडे समुद्र दिसू लागतो.

करमणुकीच्या बागांच्या इतिहासात या किनाऱ्याचे स्थान फार वरचे आहे. १८९५ मध्ये ‘सी लायन पार्क’, १८९७ मध्ये ‘स्टीपलचेस पार्क’, १९०३ मध्ये ‘लूना पार्क’ आणि १९०४ मध्ये ‘ड्रीमलँड’ अशा बागा इथे एकामागून एक उभ्या राहिल्या. लाकूड, रंग आणि विजेचे हजारो दिवे यांची ती नगरी होती, आणि लाकडाच्या नगरीचे जे व्हायचे तेच तिचे झाले. ड्रीमलँड १९११ च्या मे महिन्यात जळून खाक झाले. लूना पार्कचा मोठा भाग १९४४ च्या आगीत गेला. स्टीपलचेस १९६४ मध्ये बंद पडले. आज इथे लूना पार्क नावाची बाग आहे, पण ती २०१० मध्ये सुरू झालेली नवी बाग असून तिने फक्त जुने नाव घेतले आहे. जुन्यापैकी तीन वस्तू मात्र अजून उभ्या आहेत: ‘सायक्लोन’ हे रोलर कोस्टर, ‘वंडर व्हील’ हा आकाशपाळणा आणि हवाई छत्रीने उतरण्याचा मनोरा. मनोरा १९३९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी दुसरीकडे बांधला होता. १९४१ पासून तो इथे आहे, पण आता त्यावरून कोणी उतरत नाही. तेव्हा त्याला लांबूनच नमस्कार करून आपण पहिल्या दोघांकडे जाऊ. मधे एका अशा गाडीकडेही जाऊ, जी आज अस्तित्वात नाही, पण जिने भौतिकशास्त्राचा एक फार महाग धडा शिकवला.

सुरुवात १८८४ पासून करावी लागेल. त्या वर्षी १६ जूनला लामार्कस थॉम्पसन या गृहस्थाने इथे ‘स्विचबॅक रेल्वे’ सुरू केली. तिकीट पाच सेंट. प्रवाशांनी एका मनोऱ्यावर पायऱ्या चढून जायचे, बाकावर बसायचे आणि गाडी आपल्याच वजनाने लाटांसारख्या रुळांवरून घरंगळत दुसऱ्या टोकाला जायची. वेग ताशी जेमतेम दहा किलोमीटर, म्हणजे आपली रमतगमत चाललेली सायकल! दुसऱ्या टोकाला सर्वांनी खाली उतरायचे, नोकरांनी गाडी ढकलून तिकडच्या मनोऱ्यावर न्यायची, शेजारच्या रुळांवर वळवायची आणि मग परतीचा प्रवास.

हे ढकलणे का करावे लागे? घर्षण नसते, तर गाडी ज्या उंचीवरून निघाली त्याच उंचीवर आपोआप जाऊन पोहोचली असती. पण चाकांचे घर्षण आणि हवेचा विरोध वाटेत थोडी थोडी ऊर्जा खातात. जेवढी उंची कमी पडली, तेवढे घर्षणाचे बिल. ते माणसांच्या दंडातील ताकदीने चुकवायचे. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम पुस्तकात वाचून ज्यांना कोरडा वाटतो, त्यांनी त्या नोकरांना विचारायला हवे होते.

साखळी सुटल्यानंतर

थॉम्पसनची गाडी जिथे होती, त्याच जागी आज सायक्लोन उभे आहे. ते २६ जून १९२७ रोजी सुरू झाले. रचना व्हर्नन कीनन यांची आणि बांधकाम हॅरी बेकर यांचे. सर्वांत उंच जागा ८५ फूट, म्हणजे सुमारे २६ मीटर. रुळांची लांबी २,६४० फूट, म्हणजे सुमारे ८०५ मीटर. पहिल्या उताराचा जमिनीशी कोन ५८ अंशांहून किंचित जास्त. सगळा प्रवास सुमारे एक मिनिट पन्नास सेकंदांचा. सांगाडा पोलादी असला तरी रूळ लाकडी थरांचे असून त्यांवर लोखंडी पट्टी बसवलेली असते, म्हणून याची गणना ‘लाकडी’ कोस्टरमध्ये होते. १९८८ मध्ये न्यूयॉर्क शहराने याला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. शाळांच्या इमारतींना आणि देवळांना मिळतो तसा दर्जा एका घसरगाडीला!

एका गाडीत चोवीस माणसे बसतात. मांडीवर आडवा दांडा येतो. गाडी हळूच पुढे सरकते आणि खालून एक साखळी तिला पकडते. आता खट् खट् खट् असा आवाज सुरू होतो. गाडीच्या तळाशी एक खिट्टी असते आणि रुळांच्या मधे दातेरी पट्टी. गाडी वर जाताना खिट्टी एकेका दातावरून उडी मारते; मागे येऊ लागली तर दातात अडकून बसते. साखळी तुटली किंवा वीज गेली, तरी गाडी जागच्या जागी राहावी म्हणून ही सोय. बसणाऱ्यांना तो आवाज भीतिदायक वाटतो. खरे तर त्या आवाजाइतके धीर देणारे त्या सबंध प्रवासात दुसरे काहीही नाही.

शिखरावर साखळी गाडीला सोडून देते. इथून पुढे गाडीला इंजिन नाही, मोटर नाही, कोणी ढकलणारा नाही. वर चढताना साखळीने जेवढी स्थितिज ऊर्जा गाडीत साठवली, तेवढ्या पुंजीवर उरलेला सगळा प्रवास करायचा आहे. उतारावर स्थितिज ऊर्जेची गतिज ऊर्जा होते, चढावर उलट होते आणि दर फेरीत घर्षण आपली दलाली कापून घेते. म्हणून कोणत्याही अशा कोस्टरची पहिली टेकडी सर्वांत उंच असते. पुढच्या टेकड्या बुटक्या होत जातात, ते बांधणाऱ्याच्या लहरीमुळे नव्हे. दुसरा मार्गच नाही.

आता एक गंमत करू. सायक्लोनचा कमाल वेग अनेक ठिकाणी ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटर असा छापलेला आढळतो. हा आकडा आपण तपासून पाहू. त्यासाठी न्यूयॉर्कला जाण्याची गरज नाही. नववी-दहावीचे गणित पुरते.

घर्षण शून्य आहे असे गाडीच्या बाजूने उदारपणे मानू. मग

वेगाचा वर्ग = २ × गुरुत्व त्वरण × उंची

गुरुत्व त्वरण ९.८ आणि उंची २६ घातली की उजवी बाजू सुमारे ५१० येते. तिचे वर्गमूळ सुमारे २२.६. म्हणजे सेकंदाला २२.६ मीटर, अर्थात ताशी सुमारे ८१ किलोमीटर, किंवा ५० मैल. यात गाडीचे वस्तुमान कुठेच आले नाही हे लक्षात घ्या. ते दोन्ही बाजूंनी कापले जाते. गाडीत चोवीस पहिलवान बसोत की चोवीस चौथीतली मुले, हे उत्तर बदलत नाही.

वर्गातला एखादा हुशार विद्यार्थी हात वर करील: ‘सर, शिखरावर गाडीला साखळीचा थोडा वेग असतोच की!’ शंका योग्य आहे. समजा, साखळीचा वेग सेकंदाला २ मीटर आहे. पण बेरीज वेगांची नसते, वर्गांची असते. ५१० मध्ये २ चा वर्ग म्हणजे ४ मिळवा. ५१४ चे वर्गमूळ २२.७ येते. फरक नगण्य. ताशी ९७ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २७ मीटर वेग येण्यासाठी सुमारे ३७ मीटर, अर्थात १२० फूट उंची लागेल. सायक्लोनची उंची ८५ फूट आहे आणि गाडी जमिनीच्या खाली जात नाही. शिवाय आपण घर्षण धरलेलेच नाही. ते धरले तर वेग आणखी कमी होईल. तेव्हा उंचीचा आकडा बरोबर असेल, तर वेगाचा आकडा बरोबर असू शकत नाही. उंची टेपने मोजता येते, वेग जाहिरातीत वाढवता येतो. दोहोंपैकी कशावर विश्वास ठेवायचा हे मी सांगायला नको.

असाच दुसरा हिशोब तुम्ही करा: ८०५ मीटर अंतर आणि ११० सेकंद वेळ, यांवरून सरासरी वेग काढा. तो ताशी फक्त २६ किलोमीटर येईल! यात साखळीवरची संथ चढण धरलेली आहे हे खरे. तरीही हा वेग गावातल्या एस.टी.पेक्षा जास्त नाही. मग लोक किंचाळतात कशासाठी?

पोटातला गोळा

याचे उत्तर असे, की वेग आपल्या शरीराला कळतच नाही. विमान ताशी आठशे किलोमीटर वेगाने जात असताना आत बसलेला माणूस निवांत चहा पितो. शरीराला कळतो तो वेगातला बदल, म्हणजेच त्वरण. आणि तोही आसन आपल्याला किती जोराने ढकलते यावरून. आपण ज्याला ‘वजन जाणवणे’ म्हणतो, ते वास्तविक पृथ्वीचे ओढणे नसून खालच्या खुर्चीने किंवा जमिनीने आपल्याला वर रेटणे असते.

समजा, गाडी एका गोलसर टेकडीच्या माथ्यावरून सेकंदाला १२ मीटर वेगाने जात आहे आणि त्या माथ्याच्या गोलाईची त्रिज्या १५ मीटर आहे. वर्तुळात जायचे तर केंद्राकडे, म्हणजे इथे खालच्या दिशेने, त्वरण हवे. ते वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे १४४ ÷ १५ = ९.६. हे खालचे त्वरण पुरवणार कोण? गुरुत्वाकर्षण. त्याच्याजवळ ९.८ आहेत, त्यातले ९.६ वळण घेण्यातच खर्च झाले. आसनाने रेटायला उरले फक्त ०.२. म्हणजे ४० किलोग्रॅम वजनाच्या मुलाला त्या क्षणी आपले वजन एक किलोग्रॅमपेक्षाही कमी वाटेल. पोटातले अवयव एरवी ज्या आधारावर टेकलेले असतात, त्या आधाराचा दाब नाहीसा होतो, आणि आपण म्हणतो, पोटात गोळा आला. अंतराळवीर महिनोन्‌महिने ज्या अवस्थेत राहतात, तीच ही अवस्था. फक्त इथे ती एखादा सेकंद टिकते.

आता वेग १२ ऐवजी १४ करा. १९६ ÷ १५ = १३ हून जास्त. गुरुत्वाकर्षणाजवळ एवढे नाहीत! मग माणूस आसन सोडून वर उडू पाहील. त्याला मांडीवरचा दांडा खाली दाबून धरील. पण गाडीचे काय? तीही रूळ सोडू पाहील. १९१९ मध्ये जॉन मिलर या अमेरिकन अभियंत्याने यावरच्या उपायाचे पेटंट घेतले. रुळाच्या वर धावणाऱ्या चाकांखेरीज रुळाच्या खालच्या अंगाला चिकटून धावणारी आणखी चाके त्याने बसवली. रूळ आता दोन्ही बाजूंनी चिमटीत सापडला. या चाकांमुळेच पुढच्या काळात कोस्टरच्या टेकड्या इतक्या धीटपणे उभ्या राहू शकल्या. त्याआधीच्या गाड्यांना माथ्यांवरून जपूनच जावे लागे.

दरीत याच्या उलट घडते. वेग सेकंदाला २२ मीटर आणि तळाच्या गोलाईची त्रिज्या २५ मीटर धरली, तर वरच्या दिशेने लागणारे त्वरण सुमारे १९.४, म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या दुप्पट. आसनाला हे तर पुरवावे लागतेच, शिवाय नेहमीचे वजनही पेलावे लागते. दोन अधिक एक, तीन. ४० किलोग्रॅमचा मुलगा क्षणभर १२० किलोग्रॅमचा होतो. मान ताठ ठेवणे अवघड का जाते ते आता कळेल. डोकेसुद्धा तिप्पट जड झालेले असते.

जाता जाता एक व्यावहारिक सल्ला. पुढे बसावे की मागे? पहिल्या शिखरावर पहिल्या रांगेतली माणसे साखळीच्या संथ गतीने माथा ओलांडतात आणि पुढचा उतार बघत राहतात. शेवटचा डबा माथ्यावर येईपर्यंत पुढचे डबे उतारावर बरेच खाली गेलेले असतात आणि सबंध गाडीने वेग घेतलेला असतो. त्यामुळे मागचे लोक तोच माथा कितीतरी अधिक वेगाने ओलांडतात. ज्यांना देखावा हवा त्यांनी पुढे बसावे, ज्यांना गोळा हवा त्यांनी मागे.

सहापट वजनाची गाडी

आता सायक्लोनच्या आधीच्या काळात जाऊ. १८९५ मध्ये सुरू झालेल्या सी लायन पार्कमध्ये लीना बीचर या माणसाने बांधलेली ‘फ्लिप फ्लॅप रेल्वे’ होती. गाडी उतारावरून येऊन एका उभ्या वर्तुळात शिरायची, प्रवासी डोके खाली पाय वर असे उलटे व्हायचे आणि गाडी दुसऱ्या बाजूने बाहेर पडायची. वर्तुळाचा व्यास होता २५ फूट, म्हणजे त्रिज्या सुमारे ३.८ मीटर. गाडी वरून खाली पडली नाही. अडचण वेगळीच झाली. बाहेर पडणाऱ्या प्रवाशांच्या माना आणि पाठी दुखावू लागल्या.

असे का व्हावे? पाण्याची बादली उभ्या वर्तुळात फिरवली तर पाणी सांडत नाही, हा प्रयोग तुम्ही केला असेल. बादली माथ्यावर असताना पाण्याला वर्तुळात राहण्यासाठी लागणारे त्वरण गुरुत्व त्वरणाइतके किंवा त्याहून जास्त असले पाहिजे, ही अट. म्हणजे

माथ्यावरच्या वेगाचा वर्ग = गुरुत्व त्वरण × त्रिज्या

हा झाला कमीत कमी वेग. आता गाडी माथ्यावरून तळाला येते तेव्हा दोन त्रिज्यांइतकी उंची उतरते. त्यामुळे वेगाच्या वर्गात २ × गुरुत्व त्वरण × २ त्रिज्या, म्हणजे चारपट भर पडते. एक अधिक चार, पाच. तळाशी वेगाचा वर्ग झाला ५ × गुरुत्व त्वरण × त्रिज्या. याला त्रिज्येने भागले की तळाशी लागणारे त्वरण मिळते: गुरुत्व त्वरणाच्या पाचपट. त्यात नेहमीचे एक वजन मिळवा. सहापट!

हे उत्तर जरा थांबून पाहण्यासारखे आहे. त्रिज्या त्यातून पूर्णपणे नाहीशी झाली आहे. वर्तुळ २५ फुटांचे असो की २५० फुटांचे, गाडी माथ्यावरून जेमतेम पार होईल एवढाच वेग ठेवला तरी तळाशी वजन सहापट होणारच. वर्तुळ मोठे करून सुटका नाही, वेग कमी करूनही नाही, कारण वेग कमी केला तर माथ्यावर अट मोडते. आणि सहापट हा झाला किमान आकडा. सुरक्षिततेसाठी थोडा जास्त वेग ठेवावाच लागतो, म्हणजे वजनही जास्त. फ्लिप फ्लॅपबद्दल काही पुस्तकांत बारापट असा आकडा दिलेला असतो. तो खरा की खोटा या वादात न पडता मी एवढेच म्हणेन की सहापटही पुरेसे भयंकर आहे.

दुसरी गोष्ट याहून वाईट. गाडी सरळ रुळांवरून वर्तुळात शिरते तो बिंदू बघा. सरळ रुळांवर वजन एकपट. वर्तुळ सुरू झाले की त्याच क्षणी सहापट. मधली पायरी नाही. चार-पाच किलोग्रॅमचे डोके निमिषार्धात तीस किलोग्रॅमचे झाले, तर मानेच्या स्नायूंना सावरायला वेळ कुठला? ताकद असूनही उपयोग नाही, कारण स्नायू ताठ व्हायच्या आतच झटका बसलेला असतो.

१९०१ मध्ये एडविन प्रेस्कॉट याने कोनी आयलंडवरच ‘लूप द लूप’ नावाची दुसरी उलटी गाडी सुरू केली. त्याने वर्तुळ सोडून लंबगोल आकार घेतला. प्रवास आधीच्यापेक्षा सुसह्य झाला, पण एका गाडीत चारच माणसे बसत, आणि बसणाऱ्यांपेक्षा बघणाऱ्यांचीच गर्दी जास्त. लोक नुसते बघण्याचे पैसे देत! १९१० मध्ये तीही बंद झाली. पुढे कितीतरी दशके उलट्या गाड्यांचे नाव कोणी फारसे काढले नाही. सायक्लोनमध्येही असा वळसा नाही.

प्रश्न सुटला तो १९७६ मध्ये, अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात. तिथल्या ‘रेव्होल्यूशन’ नावाच्या कोस्टरसाठी वेर्नर श्टेंगल या जर्मन अभियंत्याने जो वळसा आखला, तो वर्तुळ नव्हता. तो वरून निमुळता, उलट्या थेंबासारखा दिसणारा होता. त्यामागचा विचार साधा आहे. माथ्यावर वेग कमी असतो, म्हणून तिथे त्रिज्या लहान हवी, म्हणजे कमी वेगातही पुरेसे त्वरण मिळेल. तळाशी वेग जास्त असतो, म्हणून तिथे त्रिज्या मोठी हवी, म्हणजे त्वरण आटोक्यात राहील. वर्तुळाचा दोष एवढाच, की त्याची त्रिज्या सगळीकडे सारखी असते.

आकडे घालून पाहू. माथ्यापाशी त्रिज्या ५ मीटर, वळशाची उंची साडेसतरा मीटर आणि तळापाशी त्रिज्या २० मीटर घ्या. माथ्यावर वेगाचा वर्ग किमान ५ × गुरुत्व त्वरण. साडेसतरा मीटर उतरल्यावर त्यात ३५ × गुरुत्व त्वरण एवढी भर. एकूण ४०. तळाच्या २० मीटर त्रिज्येने भागले, की गुरुत्व त्वरणाच्या दुप्पट. नेहमीचे एक मिळवून तिप्पट. सहाचे तीन झाले! नवे इंजिन नाही की नवा धातू नाही; फक्त रुळांची रेघ वेगळी काढली.

मधल्या भागात त्रिज्या एकदम न बदलता पुढे जाईल तशी रुळांची वक्रता सारख्या प्रमाणात वाढत जावी, यासाठी जी वक्ररेषा वापरतात तिला ‘क्लोथॉइड’ म्हणतात. ही रेषा कोस्टरवाल्यांनी शोधलेली नाही. रेल्वेचे अभियंते एकोणिसाव्या शतकापासून सरळ रूळ आणि वळण यांच्यामध्ये अशा प्रकारचा जोड घालत आले आहेत, नाहीतर प्रत्येक वळणाच्या तोंडाशी डब्यातली माणसे एकमेकांवर आदळली असती. घाटातल्या गाडीतून जाताना वळण केव्हा सुरू झाले हे तुम्हाला नेमके सांगता येत नाही, ते याचमुळे.

वळशाचा एक प्रयोग घरी करता येईल. बागेला पाणी घालायची जुनी लवचीक नळी घ्या आणि ती मोठ्या माणसाकडून लांबीने अर्धी चिरून पन्हळ करून घ्या. एका टोकाला उतार ठेवून मधे सुमारे १० सेंटिमीटर त्रिज्येचा वळसा बांधा आणि गोटी सोडा. कोणत्या उंचीवरून सोडली तर ती वळसा पार करते? घर्षणाशिवाय नुसत्या घसरणाऱ्या वस्तूला तळापासून त्रिज्येच्या अडीचपट, म्हणजे २५ सेंटिमीटर उंची पुरते. गोटीला जास्त लागेल, कारण तिची थोडी ऊर्जा स्वतःभोवती फिरण्यात जाते. घरंगळणाऱ्या भरीव गोटीसाठी हिशोब २७ सेंटिमीटर येतो. प्रत्यक्षात घर्षणामुळे आणखी बरीच लागेल. किती, ते मोजा. मग वळसा उलट्या थेंबासारखा करून पुन्हा पाहा.

वंडर व्हील

सायक्लोनपासून थोड्याच अंतरावर वंडर व्हील आहे. चार्ल्स हरमन याने आखलेला हा पाळणा १९२० मध्ये सुरू झाला. उंची १५० फूट, म्हणजे सुमारे ४६ मीटर. यात चोवीस डबे आहेत, पण सारे एकसारखे नाहीत. आठ डबे परिघाला पक्के टांगलेले आहेत; उरलेले सोळा चाकाच्या आतल्या वाकड्या रुळांवर बसवलेले आहेत. चाक फिरते तसे हे सोळा डबे कधी आसाकडे, कधी परिघाकडे घसरत जातात आणि थांबले की झोके खातात. शांतपणे समुद्र बघत बसलेल्या माणसाचा डबा अचानक पुढे धाव घेतो.

परिघावरच्या आठ डब्यांत मात्र गोळाबिळा काही येत नाही. समजा, डब्याच्या वर्तुळाची त्रिज्या २० मीटर आहे आणि एका फेरीला दोन मिनिटे लागतात; तर वजनात पडणारा फरक शंभरात अर्ध्याच्या आसपास निघतो. याउलट आपल्याकडच्या जत्रेतला पाळणा घ्या. त्रिज्या ६ मीटर आणि फेरी ८ सेकंदांची धरली, तर लागणारे त्वरण ३.७ येते, म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या सुमारे ३८ टक्के. ४० किलोग्रॅमच्या मुलाला माथ्यावर आपले वजन २५ किलोग्रॅम आणि तळाशी ५५ किलोग्रॅम वाटेल. जगप्रसिद्ध चाकापेक्षा जत्रेतला पाळणा पोटाला अधिक जाणवतो, याचे हे कारण. शिक्षकांनी मनावर घेतले तर एक स्प्रिंगचा काटा आणि त्याला टांगलेले एक किलोग्रॅमचे वजन पाळण्यात नेऊन हे पडताळून पाहता येईल. काटा दांड्याला घट्ट बांधावा, हातात धरू नये, आणि खाली कोणी उभे राहू नये.

वंडर व्हीलबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. १३ जुलै १९७७ च्या रात्री न्यूयॉर्क शहराची वीज गेली. त्या वेळी सायक्लोनची एखादी गाडी माथा ओलांडून गेली असती, तर तिला काहीच कळले नसते. तिला विजेची गरज माथ्यापर्यंतच असते. पाळण्याला मात्र मोटर सतत लागते. तो थांबला आणि वरच्या डब्यांतली माणसे अंधारात अडकली. मालकांनी तेव्हा ते प्रचंड चाक हातांनी फिरवून माणसे खाली उतरवली. हे अशक्य वाटते, पण विचार करा: चाकाच्या एका बाजूचे डबे खाली यायला बघत असतात तेव्हा दुसऱ्या बाजूचे तेवढेच डबे वर जायचे असतात. दोन्ही बाजूंचे वजन आसाभोवती एकमेकांना तोलून धरते. उचलायचे असे फारसे काही उरतच नाही. जोर लावायचा तो फक्त घर्षणाविरुद्ध आणि दोन बाजूंच्या माणसांत जो थोडाफार फरक असेल त्याविरुद्ध. सर्व माणसे एकाच बाजूच्या डब्यांत बसलेली असती, तर त्या रात्री ते चाक हातांना दाद देते ना.